गव्हर्नरसाहेबांनी सोडलेला पक्षी

यंदा पक्षी सरहद्द ओलांडणारच, असं प्रसोंगने गव्हर्नरसाहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सांगणं भागच होतं. थायलंडच्या आखाताकाठच्या मिठागरांत तो सहा वर्षं पाणपक्षी मोजत होता. पक्ष्यांचा माग काढण्यासाठी थायलंड, चीन आणि रशिया मिळून चालवत असलेल्या प्रकल्पाचे पहिले दोन ट्रान्समीटर समुद्राच्या तळाशी तीन देशांची मैत्री जपत पडले होते. तिसराही बुडाला तर कार्यालयाला कुलूप लागणार आणि प्रसोंग सासऱ्यांच्या कोळंबीच्या तळ्यावर रुजू होणार, हे ठरलेलं होतं. सासऱ्यांनी त्याच्या मापाचे गमबूटसुद्धा आणून ठेवले होते.

लांब चोचीचा एक धष्टपुष्ट पक्षी जाळ्यात मिळाला. उन्हावर चालणारं सुपारीएवढं यंत्र पट्ट्यांनी त्याच्या पाठीवर बसवलं. पक्षी लगेच सोडावा असं शास्त्र सांगतं, पण समारंभाची वेळ शास्त्र ठरवत नाही. पक्षी रात्रभर पेटीत राहिला.

सकाळी नऊ वाजता गव्हर्नरसाहेबांनी पेटी उघडली. आतून काहीच निघालं नाही.

साहेबांची नोकरी तीस वर्षांची. त्यांनी शांतपणे मान वर केली आणि म्हणाले, "काय वेगाने गेला."

सगळ्यांनी माना वर केल्या. उपसाहेबांना तर तो उत्तरेकडे वळतानाही दिसला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

प्रसोंगने कार्यालय झाडणाऱ्या सामलीमावशींना गाठलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली होती. वाढदिवसाला देवळाबाहेर पिंजऱ्यातला पक्षी विकत घेऊन सोडायचा, पुण्य लागतं. इथे तर घरचाच पक्षी होता.

"आणि पाठीवर ओझं ठेवून सोडला तर पुण्य अर्धंच की रे," मावशी म्हणाल्या. "म्हणून पट्टे कापले."

"यंत्र कुठंय?"

"मानोपला दिलं. छान चमकत होतं."

मानोप म्हणजे मावशींचा मुलगा. मिठाचा ट्रक चालवतो. त्याने ते आरशाखाली, ताइतांच्या माळेत, भर उन्हात टांगलं आणि लाओसचा रस्ता धरला.

पुढचे तीन दिवस तिन्ही देशांना झोप नव्हती. पक्षी हमरस्ता न सोडता उडत होता. दुपारी बारा वाजता न चुकता शेवयांच्या एखाद्या दुकानापाशी विसावत होता. सरहद्दीवरच्या मेकाँग नदीच्या अलीकडे तो पाच तास थांबला, तेव्हा प्रकल्पातल्या रशियाच्या तज्ज्ञ बाईंनी तो वाऱ्याचा अंदाज घेत असल्याचं कळवलं. मग त्याने नदी ओलांडली, अगदी पुलावरून. चीनच्या प्राध्यापकांनी त्यावर निबंध लिहायला घेतला.

प्रसोंग कबुली द्यायला गेला. साहेबांनी फाइलमधून डोकं वर काढलं नाही. "मी स्वतःच्या हातांनी सोडलेला पक्षी पेटीत नव्हताच, असं म्हणायचंय तुम्हाला?"

प्रसोंगला तसं म्हणायचं नव्हतं. प्रकल्पाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

दुसऱ्याच दिवशी मानोपचा फोन आला. लाओसचा माल उतरवून झाला होता, आता दक्षिणेकडची खेप होती, थेट मलेशियाच्या हद्दीपर्यंत. "चालेल ना दादा, तुमच्या पक्ष्याला?"

एप्रिल महिना. जगातला एकही शहाणा पाणपक्षी या दिवसांत दक्षिणेला जात नाही.

हल्ली प्रसोंग सकाळी मिठागरात जात नाही. तो फोनवर मानोपच्या मिठाला उत्तरेकडची गिऱ्हाइकं शोधत असतो. लाओसचे मासे खारवणारे दोघं तयार झालेत. पण त्याला खरी निकड आहे ती चीनमधल्या गिऱ्हाइकाची. तिथले प्राध्यापक दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसलेत.