जुना प्रिंटर जोडण्याची कौटुंबिक कार्यपद्धती

ज्या घरात प्रिंटर आहे त्या घरात छपाई होते, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजलेला आहे. वास्तविक छपाई दुकानात होते. घरात होते ती जोडणी.

आमच्या घरचा प्रिंटर सासऱ्यांचा. निवृत्तीच्या वेळी कार्यालयातलं जुनं सामान काढलं, तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या आणि यांनी प्रिंटर आणला. (खुर्च्यांवर लोक आजही बसतात. पण ते असो.) तो 'चालू स्थितीत' आहे. आमच्याकडे चालू वस्तूची व्याख्या अशी: जिचा हिरवा दिवा लागतो ती. हिरवा दिवा लागल्यावर पुढे काय व्हावं, याची अपेक्षा ठेवणं आमच्यात असंस्कृतपणाचं मानतात.

त्या शनिवारी मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज दुपारी एकच्या आत शाळेच्या कचेरीत द्यायचा होता. अर्ज शाळेच्या संकेतस्थळावरून उतरवून, छापून, हाताने भरून, फोटो चिकटवून आणायचा. जागा साठ. मुलगी चार वर्षांची आणि तिला याची अजिबात काळजी नव्हती. तिच्या वाट्याची मी आठवडाभर करत होते. जेवताना मी सहज म्हणाले होते, "अर्ज दुकानातून छापून आणू का?" सासऱ्यांनी घास खाली ठेवला आणि ते म्हणाले, "घरात प्रिंटर असताना?"

विषय संपला. सकाळी आठला जोडणी सुरू झाली.

प्रिंटरच्या वायरचं तोंड चांगलं चार बोटं रुंद, दोन्ही कडांना स्क्रू आणि आत पंचवीस पिना. नव्या लॅपटॉपला भोक एकच, तेही पापड भाजायचा चिमटा शिरणार नाही इतकं बारीक. या दोघांची सोयरीक जमवायला नवऱ्याने मध्ये तीन जोडण्या घातल्या. पहिली रुंद तोंडाची चौकोनी करते, दुसरी चौकोनीची चपटी, तिसरी चपटीची बारीक. चौथीही होती, ती कशाची काय करते हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ती पिशवीत होती म्हणून लावली.

"नीट दाब रे. पिना वाकवशील."

"दाबतोय बाबा. आणखी दाबलं तर शेजाऱ्यांकडे निघेल."

"कालपर्यंत तर चालू होता," सासूबाई म्हणाल्या. (काल म्हणजे सहा वर्षांपूर्वी.)

वायर बसली. आता लॅपटॉपला प्रिंटरची ओळख करून द्यायची. ती ओळख एका सीडीत होती आणि सीडी घालायला लॅपटॉपला जागा नव्हती. कंपनीच्या संकेतस्थळाने या मॉडेलविषयी काही बोलण्यास नम्र नकार दिला. शेवटी नवऱ्याने चारशे नावांच्या यादीतून 'जवळपासचा वाटणारा' एक निवडला. लॅपटॉपने लगेच जाहीर केलं, "प्रिंटर तयार आहे." प्रिंटरने याला दुजोरा दिला नाही.

सकाळच्या सत्राची आकडेवारी पुढीलप्रमाणे: प्लग काढून लावले, सतरा वेळा. त्यांपैकी प्रिंटरचा, अकरा वेळा. उरलेल्या सहा वेळा फ्रिजचा. लॅपटॉप बंद-चालू, नऊ वेळा. 'आता लागेल बघ' हे विधान, बत्तीस. छापलेली पानं, शून्य. मात्र एकदा प्रिंटर आतून 'खर्र' असा आवाज करून थांबला आणि सगळ्यांना इतका आनंद झाला की सासूबाईंनी चहा टाकला.

साडेनऊला मी म्हणाले, "दूध संपलंय, घेऊन येते." फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या. मी खाली उतरले, शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात फोनवरून अर्ज छापून घेतला, तिथेच भरला, फोटो चिकटवला आणि कचेरीत देऊन वीस मिनिटांत तिसरी पिशवी घेऊन परत आले. सासऱ्यांना हे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ते गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून स्क्रू पिळत होते, आणि निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

नंतर मी अगदी निश्चिंत मनाने बत्तिसांपैकी पाच वेळा 'आता लागेल बघा' म्हटलं.

या काळात इतर सदस्यांचीही थोडी ये-जा झाली. दहाला सासूबाई शेजारच्या काकूंची तब्येत बघून आल्या. पावणेअकराला नवरा नवी वायर आणायला गेला आणि "दुकान बंद होतं" म्हणून हात हलवत आला. अकराला सासरेही उठले. "औषधं घेऊन येतो. तोवर कुणी हात लावू नका." मला हे सगळं नैसर्गिक वाटलं. मी स्वतः खोटं बोलत असताना इतरांवर संशय घेण्याइतकी मी कोत्या मनाची नाही.

सव्वाबाराला शाळेतून फोन आला. "मुलीला घेऊन या. घरातल्या सगळ्यांना आणा."

कचेरीत कारकूनबाईंनी टेबलावर पत्ते मांडावेत तसे चार अर्ज मांडले.

"ही मुलगी एकच आहे?"

आम्ही मुलीकडे पाहिलं. ती एकच होती.

चार अर्ज, चार अक्षरं. 'पाल्याचा स्वभाव' या रकान्यात मी लिहिलं होतं 'संवेदनशील', नवऱ्याने 'शांत', सासूबाईंनी 'हट्टी, पण जेवते' आणि सासऱ्यांनी 'आजोबांवर गेली आहे'. त्यांनी चिकटवलेला फोटो पाकिटातला होता, सहा महिन्यांच्या बाळाचा. 'घरातील वातावरण' या रकान्यात मात्र विलक्षण एकवाक्यता होती. चौघांनीही लिहिलं होतं: 'मोकळं. आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही.'

"बाबा, तुम्हीसुद्धा?" नवरा म्हणाला.

"मग काय करू? नातीचं वर्ष घालवू?" सासरे चिडले. "तो प्रिंटर मेलाय हे मला कळत नाही होय? पण तुम्ही एवढे जिवापाड धडपडताय, म्हटलं कशाला हिरमोड करा!"

"नियम असा आहे," कारकूनबाई म्हणाल्या, "एका बालकाचे एकाहून जास्त अर्ज आले तर सगळे रद्द. तीन मागे घेतल्याचं पत्र एकच्या आत आलं तर चौथा धरू. पत्र छापील हवं. हाती लिहिलेलं चालत नाही."

घड्याळात बारा पस्तीस. मुलगी टेबलाच्या कडेला लोंबकळत होती. नवऱ्याने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी छताकडे. सासरे घसा खाकरून सवयीने म्हणाले, "घरी प्रिंटर आहे आपला."

"बाबा," मी म्हणाले, "समोरच्या दुकानात जाऊया."

लग्नाला सहा वर्षं झाली. त्यांच्यासमोर उच्चारलेलं हे माझं पहिलं खरं वाक्य असावं.

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "चल. पण डावीकडच्या मशीनवर काढून घे. उजवीकडची शाई पुसट येते."

बारा चौपन्नला पत्र पोचलं. कोणता अर्ज ठेवायचा यावर वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून 'हट्टी, पण जेवते' ठेवला. मुलीला प्रवेश मिळाला.

कारकूनबाई आमचे तीन अर्ज बाजूला काढत होत्या, तेव्हा मी टेबलावरचे दोन गठ्ठे पाहून घेतले. (आईपणात माणूस कागद उलटे वाचायला शिकतं.) एकेकटे आलेले अर्ज पातळ गठ्ठ्यात. एकाहून जास्त आलेले जाड गठ्ठ्यात, वर दोरी बांधलेली.

"एवढे?" मी विचारलं.

"दरवर्षी असंच," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या घरी प्रिंटर आहेत ना."

तुमच्या घरचेही त्या गठ्ठ्यात होते. वातावरण तुमचंही मोकळंच आहे. पण तुमच्या घरात माणसं चार आणि अर्ज होते तीन. म्हणजे तुमच्याकडे एकजण अजूनही मनापासून वायर दाबत बसलाय.

वाचून झालं असेल तर उठा आणि त्याला सांगा.