मुन्शीजींचा सत्कार

घटस्फोट घ्यायला नवराबायको दोघं मिळून आले, की मधुकरभाऊ त्यांना आधी सतरंजीची घडी घालायला लावत. पोंभुर्ण्यातलं आमचं वकिलीचं ऑफिस तसं लहानच. वकीलसाहेब, त्यांची ज्युनिअर मी आणि मुन्शी मधुकरभाऊ. सतरंजी मात्र लग्नाच्या मांडवात शोभेल एवढी.

"एकट्यानं नाई होत ना जी. तुम्ही तिकून धरा, बाई इकून धरते."

दोघं तोंडं फुगवून टोकं धरत. घडी घालायची म्हणजे एकमेकांजवळ यावंच लागतं. जवळ आले, की भाऊ मान हलवत. "वाकडी झाली. पुन्हा!"

एकदा एका मुलीच्या आईनं लेकीच्या हातचं टोक हिसकावून घेतलं. भाऊ म्हणाले, "मावशी, तुमचा जोडीदार घरी हाय. तुम्ही बसा, च्या घ्या." थोड्या वेळानं जावयाला हसू फुटलं आणि आमची केस गेली.

"मुन्शीजी, तुम्ही माझं दुकान बंद पाडणार," साहेब कपाळावर हात मारून घेत. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "भांडनं लय हायेत जगात, साहेब." पुढे त्या जोडप्याच्या घरी बारसं असलं, की 'ऑफिसकडून' म्हणून झबलं घेऊन तेच हजर.

यंदा भाऊ काम सोडणार होते. साहेबांनी सत्कार ठरवला. पुन्हा नांदायला लागलेली जोडपी गावोगावहून येणार होती. असा सत्कार आमच्याकडे जोडीनं करतात. त्याला शाल-श्रीफळ, तिला साडीचोळी. साहेबांच्या घरून साडीसुद्धा आली. भाऊंच्या पत्नी सुमनबाई चिमूरला भावाकडे राहतात, एवढंच आम्हाला ठाऊक. का राहतात, तो विषय भाऊ निघूच देत नसत.

"आनतो ना," म्हणाले आणि नवा सदरा घालून बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी एकटेच परतले. मी पाणी दिलं.

"सत्कार राहू द्या, मॅडम."

"काय म्हणाल्या बाई?"

"थे म्हने, लोकायच्या बायका नांदवत फिरले. मले न्यायले आज आले, थेबी सत्कारासाठी?" भाऊ खाली बघत राहिले. "मीच रागानं धाडलं होतं तिले. वाटलं, येईल आपल्या पायानं. अन् थे तिथं माही वाट पाहून राह्यली होती."

दुसऱ्यांचे संसार चुटकीसरशी जोडणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला त्याआधी एकदाही बोलवायला गेला नव्हता. मला फार वाईट वाटलं, रागही आला.

सत्कार रद्द झाला. आता दर रविवारी भाऊ चिमूरला जातात. सुमनबाई दारातच चहा देतात, आत या म्हणत नाहीत. परवा बस स्टँडवर भेटले, तेव्हा मी विचारलं, "येतील असं वाटतं का?"

"नाई येत थे. मले मालूम हाय."

"मग कशाला जाता, भाऊ?"

बस लागली होती. पिशवी काखेत मारून ते उठले.

"टाकलेली म्हनून मोहल्ल्यानं लय बोललं तिले. आता पाहू दे ना त्यायले, तिले न्यायले कोनी येते म्हनून."