हौसाक्काचा पाय

एका जंगलात रस्ता पोचला नव्हता, पण मोबाइल पोचला होता. तिथे हौसाक्का नावाची म्हातारी अस्वलीण राहायची. हसू नका रे बाळांनो. अस्वलीणही म्हातारी होते, तुम्हीही व्हाल.

मधाचं पोळं काढताना हौसाक्का झाडावरून पडली. पाय मोडला. हाड सांधलं, पण गुडघा ताठ तो ताठच. त्यात मोह फुलायला आलेला. त्या अस्वलांची रीत अशी, की मोहाची फुलं झाडाखालीच खायची आणि आपल्या पायांनी येईल त्यानंच खायची. घरी डबा पाठवायची सोय नव्हती.

"पाय गेला तर जाऊ दे मसणात," हौसाक्का म्हणाली, "पण यंदाचा मोह मी सोडायची नाही."

नेमकी तेव्हाच सिंहमहाराजांनी 'घरबसल्या इलाज' योजना काढली. लांबच्या तळ्यावर डॉक्टर बगळे असत. ते पायांचे मोठे तज्ज्ञ. जन्मभर एका पायावर उभे राहिले, म्हणून दुसऱ्या पायाचा अभ्यास दांडगा.

वारुळाला टेकवून मोबाइल उभा केला. पडद्यात डॉक्टरांची चोच आली.

"आजी, पाय वर उचला. आता गुडघ्यात वाकवा."

हौसाक्कानं पाय जरा हलवला आणि अशी किंचाळली, की झाडावरची वटवाघळं उलटी होती ती सुलटी झाली.

सून तानू धावत आली. "अगं बाई! आत्याबाई, तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? पडून राहा. तुमच्या नावानं मी उचलते."

त्या घरात हे काही नवं नव्हतं. सासूचा उपास सून धरायची, सुनेचा नवस दीर फेडायचा आणि पुण्य ज्याचं त्याला बिनचूक पोचायचं. मग व्यायामच तेवढा का वाट चुकेल?

तानूनं पाय उचलला. पडद्यात मावत होता एकच पाय. काळा, केसाळ. अस्वलाचा पाय तो, त्याच्यावर काय नाव गोंदलेलं असतं?

"वा! सुरेख!" डॉक्टर म्हणाले. "आजी, किती पटकन गुण आला!"

हौसाक्काला पडल्या पडल्याच हुशारी वाटली. डॉक्टर काय खोटं बोलतील?

मग सगळं घरच सेवेला लागलं. मुलगा आला, दीर आले, जावा आल्या.

"सरक, आज माझी पाळी!"

"काल तूच केलंस की गं!"

दिराची जुनी कंबरदुखी पळाली. जावेचं पोट उतरलं. हौसाक्का मात्र पडून ओरडायची, "नीट वाकव मेल्या, माझा पाय आहे तो!"

शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, "पाय ठणठणीत. उपचार बंद." महाराजांनी योजनेच्या नावानं नगारे वाजवले.

आणि एका सकाळी मोहाचा वास आला. सगळं घर टणाटण उड्या मारत पळालं. हौसाक्काही दिमाखात उठली, आणि पोत्यासारखी खाली आली.

तिनं डॉक्टरांना मोबाइल लावला. "डॉक्टर, पाय वाकत नाही!"

"शक्यच नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"तुम्ही पाहिलात तो इथं नाही. तो मोहाला गेलाय!"

"बघा! म्हणजे चालायला लागला की!"

"अहो, पण मी इथंच आहे ना!"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. दुसरा पाय खाली टेकवला, पुन्हा वर घेतला.

"हरकत नाही, आजी. तो घरी आला, की मला दाखवा."

तात्पर्य : बाळांनो, घरादाराची तब्येत सुधारायची असेल, तर एकानं आजारी पडावं आणि पडूनच राहावं.