कोटाच्या गुंड्या

धम्मदीपाला त्या शनिवारी हँडबॉल बघायचा नव्हता. तिला कुणाशी तरी कडाडून भांडायचं होतं. पण तिचा नवरा उज्ज्वल भांडायच्या कामाचाच उरला नव्हता. तिचे बाबा गेल्यापासून तो इतका समजूतदार झाला होता, की ती ओरडली की चहा आणून ठेवायचा.

"चल ना हॉलवर," तो म्हणाला. "मन रमेल जरा."

"रमायला माझं मन काय अंगणवाडीत आहे?"

"बरं. चहा ठेवू?"

चहा टाळायला ती निघाली. बाहेर गार्चिंग या जर्मन गावाचे रस्ते बर्फाने पांढरे पडले होते. तिला बर्फाचा राग आला. मग 'वय झालं होतं' असं कळवणाऱ्या नातेवाइकांचा, हात जोडलेली चित्रं पाठवणाऱ्या मैत्रिणींचा, आणि सगळ्यांत जास्त बाबांचा. डिसेंबरचं तिकीट काढून ठेवून हा माणूस नोव्हेंबरातच निघून गेला होता. मध्यंतराला उठून जाणाऱ्या प्रेक्षकांना एरवी तेच नावं ठेवायचे.

देवानंद गवई म्हणजे अकोला जिल्ह्यातले कबड्डीचे जुने पंच. हिवाळ्यात लेकीकडे आले, की शाळेच्या हॉलमधला गावच्या क्लबचा सामना त्यांनी कधी चुकवला नाही. संघ शेवटून दुसरा, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. केकच्या टेबलाशेजारी बसून ते वऱ्हाडीत गर्जायचे, "ओ पंच! डोये हायत का कोटाच्या गुंड्या?"

"बाबा, हळू!" धम्मदीपा लाजून म्हणायची.

"जलमभर ऐकून घेतलं मी हे. आता बोलाची पाळी माही."

केक विकणाऱ्या फ्राऊ हूबरने एकदा अर्थ विचारला, तेव्हा बाबांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत गंभीरपणे सांगितलं होतं, "पंचाची तारीफ करतो."

आज बाबांची जागा रिकामी होती. धम्मदीपा मुद्दाम त्या जागेशेजारी बसली. कोटाच्या खिशात बाबांची पितळी शिट्टी होती. माहेरून तिने तेवढंच आणलं होतं. सामना बरोबरीत, शेवटचं मिनिट. गावच्या संघाचा अकरा नंबर चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि त्याचा पाय गोलासमोरच्या, ओलांडायला मनाई असलेल्या रेषेच्या चांगला वीतभर आत पडला. दाढीवाला पंच शांतपणे बघत राहिला.

पुढे काय झालं ते धम्मदीपाला नीट सांगता आलं नसतं. हात खिशात गेला, शिट्टी ओठांत आली, आणि महिन्याभराचा सगळा श्वास एकदम बाहेर पडला.

पाहुण्यांचा गोलरक्षक जागीच थांबला. चेंडू जाळ्यात गेला. ढोल बडवणारा ढोलावर काठी टेकवून उभा राहिला.

"कुणी वाजवली?" पंच गरजला.

उज्ज्वल छताकडे बघू लागला. "बोलू नकोस," तो ओठ न हलवता म्हणाला.

पण शिट्टी वाजवली की मागे घ्यायची नाही, हा देवानंद पंचांच्या घरचा नियम होता. धम्मदीपा उभी राहिली. "मी. अकरा नंबरचा पाय आत होता. तुम्हाला दिसला नाही?"

"पंच कोण आहे इथे?"

"तेच विचारतेय मी!"

पंचाने गोल रद्द केला, कारण परक्या शिट्टीने खेळ थांबला होता. मग शिट्टी जप्त करून वेळ मोजणाऱ्याच्या टेबलावर ठेवली. गावचे खेळाडू अजून हातवारे करत असतानाच पाहुण्यांनी पलीकडे जाऊन गोल मारला. गावचा संघ एका गोलाने हरला.

सगळा हॉल तिच्यावर तुटून पडला. "तुमचा संघ कुठला हो?" एक आजोबा ओरडले. अकरा नंबरच्या आईने तर तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चौकशी केली. त्यात पाहुण्या संघाने तिला चॉकलेट केक आणून दिला, आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

"हळूच निघू या," उज्ज्वल कुजबुजला.

"माझी शिट्टी तिकडे आहे."

"उद्या आणू."

"उज्ज्वल, ती शिट्टी घेतल्याशिवाय मी हलणार नाही. हवं तर पोलीस बोलव. चहा नको!"

हातातला केक खात, येईल त्याला उत्तर देत ती उभी राहिली. हॉल रिकामा झाला, तेव्हा फ्राऊ हूबर आली. मागे दाढीवाला पंच.

"फ्राऊ गवई, तुम्ही काय केलंत ते कळतंय ना?" तिने विचारलं.

"कळतंय. हॉलमध्ये बंदी घाला. शिट्टी द्या."

"बंदी?" फ्राऊ हूबरने खुर्ची ओढली. "आमच्या क्लबकडे पंच पुरत नाहीत, म्हणून दरवर्षी आमचे गुण कापतात. कुणी तयारच होत नाही. शिव्यांना घाबरतात सगळे. आज अख्खा हॉल तुमच्यावर ओरडत होता आणि तुम्ही केक खात होतात! जानेवारीत शिबिर आहे. याल?"

दाढीवाल्याने शिट्टी तिच्या हातावर ठेवली. "पाय आत होता," तो खाली बघत म्हणाला. "मागून कळलं."

फेब्रुवारीत, काळा शर्ट घालून, धम्मदीपा पहिल्यांदा मैदानात उतरली. मुलींचा सामना होता. पहिलाच कडक निर्णय तिने गावच्या संघाविरुद्ध दिला. हॉल कुरकुरला. आणि केकच्या टेबलामागून, हातात सुरी, चेहऱ्यावर कौतुक, अशी फ्राऊ हूबर पूर्ण ताकदीने ओरडली:

"ओ पंच! दोये हायत का कोताच्या गुंद्या?"

वर अंगठाही दाखवला.

उज्ज्वल घाबरून छताकडे बघू लागला. धम्मदीपाने निर्णय बदलला नाही. फक्त खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी द्यायला तिला वेळ लागला. श्वास सापडत नव्हता. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी धड शिवी दिली होती.