चेअरमनसाहेबांच्या घरचा खोकला

अंघोळ करताना मथुराबाईंच्या हाताला छातीत गाठ लागली आणि घाम फुटला तो त्यांच्या नवऱ्याला, आबारावांना. आबाराव बेंबळीच्या दूध संस्थेचे चेअरमन. निवडणूक तोंडावर आलेली. दुष्काळानं गावच्या विहिरी आटल्या होत्या, चेअरमनचा रुबाब तेवढा आटायचा राहिला होता.

"सोलापूरला नवं मशीन आलंय म्हणं," मथुराबाई म्हणाल्या. "थानाचा फोटो काढत्यात. रोग बारका असतानाच कळतंय."

"हळू बोल!" आबारावांनी आधी दार लावलं. "चेअरमनच्या बायकोला असल्या जागी गाठ? गाव काय म्हणंल?"

"गावाला न्हाय झाली गाठ. मला झालीय."

शेवटी जीप ठरली. चौकात संस्थेचे सेक्रेटरी दत्तोपंत आडवे आलेच. आबाराव गडबडले आणि म्हणाले, "हिचा खोकला लई दिवस जाईना. फोटो काढून आणतो." मग सोलापूर येईपर्यंत ते स्वतःच्या हुशारीवर खूष होते.

"लई दुखलं का?" मथुराबाई बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"दोन पाट्यांत धरून दाबत्यात. पर तुमच्यासंगं संसार केल्याव त्याचं काय न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. "हाताला लागली ती गाठ साधी दिसतेय. पण हे ज्वारीच्या दाण्याएवढं बघा. हे हाताला लागलंच नसतं. काढून तपासायला हवं. आठवड्यात या, उशीर करू नका."

"इलेक्शन होऊ दे, मग बघू," परतताना आबाराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संस्थेनं चेअरमनचंच दूध परत केलं. आबाराव तावातावानं संस्थेत गेले, तर दत्तोपंत हात जोडून म्हणाले, "साहेब, घरात टीबी असला तर दूध घ्यायचं नाही. तुमचाच ठराव आहे."

ठराव खरा होता. गेल्या साली विरोधातल्या कोंडिबाला पडसं झालं, तेव्हा आबारावांनीच तो टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतला होता. तो कोंडिबा आता रांगेत तोंडाला उपरणं लावून हसत होता.

"अरे, टीबी न्हाय!" आबाराव ओरडले.

"मग फोटो कशाचा काढला?" कोंडिबानं विचारलं.

घरी परत आलेलं दूध बघून मथुराबाई तो कॅन घेऊन मागोमाग आल्या होत्या. त्यांनी तो दत्तोपंतांसमोर आदळला.

"थानाचा काढला. आत दाना हाय, काढायचाय. खोकला ह्यांनी लावला मला. ह्यांची सगळी अब्रू म्हणं माझ्या थानात हाय!"

रांगेत मागं उभी असलेली कडूबाई पुढं आली आणि मथुराबाईंचा पदर धरून हळूच म्हणाली, "वैनी, मलाबी हाय. दोन सालं झाली. सांगावं कुणाला?"

आठवडा संपायच्या आत जीप पुन्हा निघाली, या खेपेला बायकांनी खच्चून भरून. आबाराव चढायला गेले.

"जागा न्हाय," मथुराबाई म्हणाल्या. "तुमी ऱ्हावा. इलेक्शन हाय नव्हं?"

धुरळा खाली बसला तेव्हा चौकात आबाराव आणि दत्तोपंत दोघेच उरले होते. समोरून कोंडिबा आला. "चेअरमन, जीप कुठं गेली?"

आबारावांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुळजापूरला. देवीला."

"हो, हो," दत्तोपंत घाईघाईनं म्हणाले. "आमची बायको शामलाही देवीलाच गेलीय."