अतिदुर्गम सपाट वाट

नदीकाठची ती वाट सहाशे चाळीस मीटर लांब होती. तिला चढ नव्हता, उतारही नव्हता. दोन्ही बाजूंना गवत, मधे पायांनी मळलेली माती, एका टोकाला पूल आणि दुसऱ्या टोकाला पाण्यावर वाकलेलं झाड, एवढाच तिचा संसार. अशा या वाटेवरून अडीच वर्षांची एक नागरिक रोज सकाळी, कोणाचीही परवानगी न घेता, आरपार जात होती आणि त्याची नोंद कोणत्याही खात्यात नव्हती. जबाबदार शहराला हे फार दिवस परवडण्यासारखं नव्हतं.

या नागरिकेला घरात भिंगरी म्हणत. जन्मल्याबरोबर ती हातपाय गरागरा फिरवायची म्हणून हे नाव पडलं आणि चालायला लागल्यावर ते साफ खोटं ठरलं. भिंगरी चालायची म्हणजे मुख्यतः थांबायची. दोन पावलं, की खडा. चार पावलं, की मुंगी. आईला तेच हवं होतं. साडेआठ ते साडेदहा एवढाच वेळ असा होता, की कोणी तिला चार्जर कुठाय, टॉवेल कुठाय, झाकण कुठाय असं विचारत नसे. वाटेवर तिला प्रश्न विचारणारी एकच होती आणि तिचे प्रश्न उत्तर द्यावंसं वाटणारे असत.

"आई, मुंगीची आई कुठे गेली?"

"पुढे गेली असेल. सकाळची घाई असते ना."

"मग तू का नाही गेली?"

"मी कशाला जाऊ? मला कुठे घाई आहे?" असं म्हणताना आईला दरवेळी खोल कुठेतरी गार वाटायचं.

सासूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. "सहाशे मीटरला दोन तास? तेवढ्यात मी परगावी जाऊन येईन."

"तुम्ही याल हो, आई. तुम्हाला वाटेत मुंग्या भेटत नाहीत."

अशात शहरात 'सुगम पदभ्रमण कक्ष' स्थापन झाला. शहराजवळ समुद्रकाठी, नदीकाठी आणि रानात काही सोप्या वाटा आहेत आणि लोक त्यांवर नुसतेच चालतात, असं एका बैठकीत उघडकीला आलं होतं. सोपी वाट सोपी आहे, असं कोणीतरी सहीशिक्क्यानिशी सांगितल्याशिवाय तिच्यावर पाऊल ठेवणं हा शुद्ध बेछूटपणा होता. तेव्हा सगळ्या वाटा मोजून त्यांना सुगम, मध्यम, दुर्गम किंवा अतिदुर्गम अशी श्रेणी द्यायचं ठरलं. समुद्रकाठची वाट ऐन भरतीत मोजली गेली, त्यामुळे ती जलमार्ग ठरून दुसऱ्या खात्याकडे गेली. रानातली वाट मोजणारा कारकून परतला नव्हता, त्यामुळे तिचा अहवाल प्रतीक्षेत होता. उरली नदीकाठची.

तिथे मोजणी कारकून सकाळी पावणेनऊला हजर झाला. गळ्यात शिट्टी आणि वेळ मोजायचं घड्याळ, हातात दांडा लावलेलं मोजणीचं चाक, काखेत फाइल. त्याने भिंगरीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ताई, ही चालते का?"

"चालते की. का हो?"

"नियमात आहे." त्याने फाइल उघडली. "सुगम मार्ग म्हणजे कुटुंबातल्या सर्वांत लहान चालत्या व्यक्तीला पार करता येईल असा मार्ग. म्हणजे चाचणीला सर्वांत लहान चालती व्यक्तीच हवी. तीन दिवस झाले शोधतोय. एक मिळाला होता, पण तो रांगायचा. रांगण्याचा तक्ता वेगळा आहे."

"करायचं काय तिने?"

"काही नाही. रोज चालते तशी चालू दे. तुम्ही उचलायचं नाही, ओढायचं नाही, घाई करायची नाही."

घाई करायची नाही! इतका सुंदर नियम एखाद्या कार्यालयात जन्माला येऊ शकतो, यावर आईचा विश्वास बसेना. तिने पालक म्हणून तीन प्रतींवर हसत सही केली. कारकुनाने शिट्टी वाजवली. भिंगरीने ती मागितली. तो नाही म्हणाल्यावर ती खाली बसली. प्रारंभीच सहा मिनिटं गेली.

पुढचं सगळं कारकुनाने प्रामाणिकपणे लिहून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या तक्त्यात 'मजा' असा रकाना नव्हता, एवढंच. मुंग्यांची रांग लागली तिथे त्याने लिहिलं, 'मार्ग अडवला गेला, अकरा मिनिटं.' डबक्यापाशी लिहिलं, 'जलप्रवाह ओलांडण्याचे सात प्रयत्न.' भिंगरी बगळ्याशी बोलत उभी राहिली तेव्हा 'वन्यजीवाशी सामना' अशी नोंद झाली. अर्ध्या वाटेवरून ती उलटी वळली आणि चाळीस मीटर मागे गेली.

"माघार का घेतली?" कारकुनाने विचारलं.

"काडी राहिली तिची."

"काडी म्हणजे आधाराची काठी?"

"नाही हो. काडी. एवढीशी."

'काठीशिवाय पुढे जाणे अशक्य,' असं लिहून त्याने खाली दुहेरी रेघ ओढली.

एक तास बावन्न मिनिटांनी भिंगरी वाकलेल्या झाडापाशी पोचली आणि खोडाला काडी टेकवून म्हणाली, "आता पुन्हा." कारकून घामाघूम झाला होता. त्याने गुणाकार केला, भागाकार केला, तक्ता सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"ताई, या गतीने माणसं फक्त बर्फाच्या कड्यावर चढतात."

"पण तिला मजा येते म्हणून वेळ लागतो हो!"

"कड्यावर चढणारेही असंच सांगतात," तो आदराने म्हणाला.

महिन्याभरात वाट 'अतिदुर्गम' जाहीर झाली. अतिदुर्गम म्हटल्यावर कठडा आलाच. मंजूर नमुन्यातला कठडा पायऱ्यांसकट येत होता, त्यामुळे सपाट वाटेवर चौदा पायऱ्या वर आणि चौदा पायऱ्या खाली बांधल्या गेल्या. मुंग्यांच्या जागी सूचनाफलक उभा राहिला. डबकं बुजवून तिथे 'जलप्रवाहापासून सावध' अशी पाटी लावली. बगळा स्वतःहून निघून गेला. पुलापाशी लोखंडी फाटक बसलं. आत जायला वैद्यकीय दाखला, मजबूत बूट आणि नियमानुसार काठी लागू लागली. बारा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद झाला.

पहिल्या सकाळी भिंगरी फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. "आई, उघड."

"आज बंद आहे, राजा."

"मुंग्या आत राहिल्या?"

पहिल्यांदाच आईला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. ती भिंगरीला कडेवर घेऊन थेट कक्षात गेली. तिथले अधीक्षक टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवून बसले होते.

"साहेब, ती वाट सपाट आहे. माझी मुलगी रोज चालायची."

अधीक्षक खुर्चीतून अर्धे उठले. "हीच का ती? अहो, बसा, बसा! अहवाल वाचून अंगावर काटा आला होता आमच्या. अडीच वर्षांचं पोर आणि असल्या वाटेवर! तुम्ही आई म्हणवता ना स्वतःला, ताई?"

"अहो, ती मुंग्या बघत होती!"

"दमल्यावर प्रत्येकजण काहीतरी बघतोच. मी जिन्यात थांबलो की भिंत बघतो."

"मग पुन्हा मोजा. या वेळी मी चालते. दहा मिनिटांत पार करते."

"तुम्ही सर्वांत लहान चालती व्यक्ती आहात का?"

"नाही."

"मग तुमचं चालणं ग्राह्य धरता येत नाही. फेरचाचणी हिचीच व्हायला हवी." त्यांनी भिंगरीकडे पाहून मान हलवली. "आणि हिला आत सोडता येत नाही. बारा वर्षांची झाली की घेऊन या. मात्र तेव्हा ती सर्वांत लहान नसेल, हेही लक्षात ठेवा."

भिंगरीने टेबलावरचा टाचणीचा डबा सावकाश उपडा केला आणि एकेक टाचणी मोजायला बसली. अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. "बघा, हे असं. हिच्यासाठीच केलाय हो नियम. हिच्या जिवापेक्षा का दोन तास जास्त झाले तुम्हाला?"

होय म्हणावं तर आई वाईट, नाही म्हणावं तर नियम बरोबर.

मात्र कक्ष कृतघ्न नव्हता. अतिदुर्गम मार्ग पार करणारी सर्वांत लहान व्यक्ती म्हणून भिंगरीला प्रमाणपत्र मिळालं. फाटकाशेजारी तिचं रंगीत चित्र उभं राहिलं, खऱ्या मुलीच्या दुप्पट उंचीचं, हातात काडीऐवजी पोलादी टोकाची काठी. घरी सासूबाईंनी प्रमाणपत्र दारासमोरच्या भिंतीवर लावलं आणि आल्यागेल्याला सांगू लागल्या, "आमची नात. उगाच नाही दोन तास लागायचे."

आणि मग माणसांची रीघ लागली. ती वाट सोपी होती तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. अतिदुर्गम झाल्यावर रविवारी फाटकावर रांगा दिसू लागल्या. माणसं कोरे बूट घालून, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी लावून, दाखले छातीशी धरून यायची, चौदा पायऱ्या चढायची, चौदा उतरायची आणि बारा मिनिटांत बाहेर पडून एकमेकांना मिठ्या मारायची. मुंग्यांसाठी कोणी थांबलं नाही. तक्त्याप्रमाणे पाहिलं, तर त्या गतीने वाट केव्हाच सुगम ठरली असती, पण घड्याळ लावा, अशी मागणी कोणीही केली नाही.

तुम्हीही नाही केलीत. गेल्या रविवारी तुम्ही तिथे होता. 'अखेर जिंकलो' असं लिहून तुम्हीच फोटो सगळ्यांना पाठवलात. त्या चित्राला टेकून उभे आहात, काठी उंचावलेली. नीट पाहिलंत तर डाव्या कडेला फाटकाचा गज धरलेली चार बोटं दिसतील. तेवढीच राहिली आहेत, कारण बाकीची मुलगी फोटोत येत होती आणि तुम्हीच हसून म्हणालात, "ताई, हिला जरा बाजूला घ्या ना."

तिने घेतलं.

"आणि जरा लवकर," असंही म्हणालात तुम्ही.