पहिला नंबर माणिककाकांचा

आमच्या गल्लीतले माणिककाका एकदा मयतीच्या पुढं निघून स्मशानात पहिले जाऊन बसले होते. मागून तिरडी आली, तर लिंबाखालून म्हणतात, "किती येळ लावलात रं!"

काका एसटीतले रिटायर ड्रायव्हर. पुढं कुणी दिसलं की त्यांच्या अंगाला खाज सुटते. दूध आणायला जातानाही "साईड द्या, साईड!" वर्षापूर्वी काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या. मग काकांची शुगर वाढली, डॉक्टरनं सायकल चालवा म्हणून सांगितलं, आणि लातूरच्या आमच्या सायकल ग्रुपची साडेसाती सुरू झाली.

पहिल्याच रविवारी चाकूरची राईड होती. मी नव्या लोकांना समजावत होतो, "ही राईड आहे, रेस नाही. रेसमध्ये घड्याळ लावतात, नंबर काढतात, मागं राहिला तो राहिला. इथं आपापल्या दमानं जायचं. कुणाची सायकल बिघडली तर थांबायचं. मेडल सगळ्यांना सारखंच."

काकांनी हात वर केला. "मंग पहिला कोन, ते कोन ठरवणार?"

"कुणीच नाही, काका."

"असं कुठं असतंय व्हय! आरं, तुझ्या काकूला फोटो पाठवायचाय. ती म्हणती, या वयात तुमच्यानं होत न्हाई. नंबर आल्याबिगर काय दाखवू तिला?"

शिट्टी वाजली. सगळे निघाले, काका जागचे हलेनात. म्हणे, डबल बेल दिल्याशिवाय गाडी काढत नसतात. मी तोंडानं टिंग टिंग केलं, तेव्हा कुठं गडी सुटला. तो असा सुटला की चाकूरपर्यंत कुणाला दिसलाच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा काका बाकड्यावर ताटकळत बसलेले. नाश्त्याला मुरमुऱ्याची सुशीला घेऊन येणारा आचारीसुद्धा अजून यायचा होता. "पहिला नंबर!" म्हणून त्यांनी मान पुढं केली. मी मेडल घातलं.

सगळ्यात शेवटी नसरीनबाजी आल्या. त्या शाळेत शिकवतात, सगळे त्यांना बाजी, म्हणजे ताई म्हणतात; सायकल नुकतीच शिकलेल्या. त्यांना बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आरोळ्या ठोकल्या आणि तसंच मेडल त्यांच्याही गळ्यात घातलं. काकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"ह्यांला टाळ्या? अन् मी आलो तवा चहावाला बी झोपला व्हता!"



पुढच्या रविवारी तीच वाट. काका पुन्हा सुसाट. अर्ध्या रस्त्यात बघतो तर समोरून उलटे येतायत.

"काका, चाकूर तिकडं!"

"ठावं हाय मला. बाजी कुठं राहिल्या?"

बाजी लई मागं, चेन उतरली म्हणून खोळंबल्या होत्या. काकांनी चेन चढवली आणि दोघं गप्पा हाणत सगळ्यात शेवटी आले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! काका नव्या नवरीसारखे लाजले.

मला राहवतंय होय? नाश्त्याला काडी टाकलीच, "काय काका, नंबर गेला की! आता काकूंना काय दाखवणार?"

काकांनी सुशीलाची ताटली बाकड्यावर ठेवली.

"मागल्या बारीला पहिला आलो रं, पर फोटो काढायला बी कोनी नव्हतं. पुढं जाऊन एकट्यानं बसायचं, ते घरी रोजच करतोय की. तुझी काकू गेल्यापासून जेवायला मीच पहिला, अन् मीच शेवटचा."

  मी माझी ताटली घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो.